चौसष्ट घरांचे आयुष्य

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

प्रकल्पासाठी तू रचत असलेल्या बैठ्या खेळात फासा ठेवावा की नाही, असे तू विचारले आहेस. हाच प्रश्न १८६० साली मिल्टन ब्रॅडली या अमेरिकन गृहस्थापुढे होता, म्हणून त्याची हकिकत कळवतो.

ब्रॅडलीचा जन्म १८३६ साली मेन राज्यात झाला. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे रेल्वेचे डबे बांधणाऱ्या कारखान्यात त्याने आरेखक म्हणून काम केले आणि पुढे शिळाछापाचे तंत्र शिकून तेथेच छापखाना काढला. अब्राहम लिंकन यांचे त्याने छापलेले चित्र चांगले खपू लागले होते. परंतु चित्रातील लिंकन बिनदाढीचे होते, आणि प्रत्यक्षातील लिंकन यांनी दाढी राखताच गिऱ्हाइके पैसे परत मागू लागली. त्याच सुमारास त्याने ‘द चेकर्ड गेम ऑफ लाइफ’ हा पट छापला. पहिल्या वर्षभरात त्याच्या सुमारे ४५,००० प्रती विकल्या गेल्या.

फासा म्हणजे जुगार, अशी तेथील धर्मनिष्ठ कुटुंबांची समजूत असल्यामुळे ब्रॅडलीने त्याऐवजी अंक लिहिलेली सहा कडांची भिंगरी दिली. मला मात्र त्याची खरी करामत पुढे दिसते. आपल्या मोक्षपटावर दान पडेल तितकी घरे निमूटपणे चालावी लागतात. ब्रॅडलीच्या पटावर एक पडला तर सोंगटी वर न्यायची की खाली, दोन पडले तर उजवीकडे की डावीकडे, हे खेळणाऱ्याने ठरवायचे असते, आणि मोठ्या अंकांना एक घर जायचे की दोन, हेही त्याच्याच हाती राहते. बाल्यापासून निघून सुखी वार्धक्य गाठले की ५० गुण मिळतात, पण जिंकण्यासाठी १०० लागतात, म्हणून वाटेतील घरे विचारपूर्वक निवडावी लागतात. शाळेतून महाविद्यालयात, चिकाटीतून यशाकडे, जुगारातून सर्वनाशाकडे अशी त्यांची योजना आहे. दारिद्र्याचे घर बाल्याजवळच आहे, तरी तेथे पोहोचल्याने काहीही गमवावे लागत नाही, कारण गरिबीत सुरुवात होणे हा तोटाच असतो असे ब्रॅडली मानत नव्हता. सरकारी कंत्राटाच्या घरातून सोंगटी थेट संपत्तीकडे जाते, हे तर आपल्याकडे कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही!

यादवी युद्धात त्याने सैनिकांसाठी खिशात मावणारे खेळांचे संच काढले. १८६९ नंतर मात्र त्याचे मन बालवाडीच्या साहित्यात आणि मुलांच्या रंगशिक्षणात अधिक रमले. १९११ साली तो वारला. खेळाच्या शताब्दीनिमित्त त्याच्या कंपनीने १९६० मध्ये नवा ‘गेम ऑफ लाइफ’ आणला, त्यात मोटारी आखलेल्या रस्त्याने धावतात आणि शेवटी पैसा मोजला जातो. मला जुना पट अधिक विचारी वाटतो.

तेव्हा फासा खुशाल ठेव, पण प्रत्येक दानाला निदान दोन वाटा दे. नियमांचा कच्चा मसुदा पाठव, म्हणजे आई आणि मी खेळून पाहू.

तुझा,
बाबा