प्रश्न घेऊन जा

प्रिय मनू,

फोनवर बोलायला गेलं की आपल्या दोघींचा आवाज चढतो, म्हणून लिहितेय. अकाउंट्सची नोकरी सोडून तू फिल्म एडिटिंगच्या मागे लागलीस, त्यावर बाबांचं मत तुला पाठ आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. "चांगले सर मिळाले की सुरू करते" हे तुझं परवाचं वाक्य मला पटलं नाही.

दादासाहेब फाळके म्हटलं की सगळे त्यांच्या बायकोने, सरस्वतीबाईंनी, सिनेमासाठी काढून दिलेल्या दागिन्यांवर येतात. मला त्यांच्या शिकण्याचं नवल वाटतं. चाळिशीचा माणूस, आपल्या गिरगावात सिनेमा बघून झपाटला. इथे शिकवणारं कोण होतं? फोटोग्राफी आणि छपाई तेवढी हाताखालून गेलेली. बाकी पुस्तकं आणि 'बायोस्कोप' हे इंग्रजी साप्ताहिक. १९१२ साली लंडनला गेले ते त्याच साप्ताहिकाच्या संपादकाला भेटले. त्याने सेसिल हेपवर्थ या तिथल्या सिनेमावाल्याशी गाठ घालून दिली आणि त्याच्या स्टुडिओत काम बघायला मिळालं, तेही थोडेच दिवस. पण एवढं वाचून गेलेल्या माणसाला कुठे बघायचं ते कळत असणार. परत येऊन एकदम 'राजा हरिश्चंद्र' नाही केला. आधी वाटाण्याचं रोप कसं वाढतं त्याची छोटीशी फिल्म केली आणि ती दाखवून भांडवल उभं केलं.

तू काय दाखवशील?

दा विंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं म्हणालीस, मग बस की. आवडता प्रसंग घे, आवाज बंद कर, दर कटला, म्हणजे दृश्य तुटून दुसरं लागलं की, वहीत रेघ ओढ. मी ब्लाउज शिवायला शिकले ते जुना उसवूनच. अडशील, तेव्हा विचारायला जा. "सर, मला शिकवा" म्हटलं तर कोण काय उत्तर देणार? "इथे कट जरा आधी घेतला की हसू येत नाही, का?" याचं उत्तर चहा संपेपर्यंत मिळतं. आणि मोठ्या नावांकडे कशाला? दोन वर्षं पुढे असलेला असिस्टंट शोध, त्याला स्वतःचं अडखळणं आठवत असतं. फुटेजचा बॅकअप, आवाज जुळवणं, फायलींना नीट नावं देणं, हे त्याचं काम ना? त्यात त्याला हातभार लाव. व्हाउचरं लावून हात बसलेल्या पोरीला हे काय जड?

शिकवतो म्हणून फुकट राबवणारेही भेटतील. महिनाभर नुसत्या हार्ड डिस्क पोचवायला लावल्या, तर सरळ निघून ये.

रविवारी जेवायला येशील तेव्हा लॅपटॉप आण. पिंकीच्या बारशाचं दीड तासाचं शूटिंग पडून आहे, त्याची दहा मिनिटं करून दे. आत्याला कंटाळा आला तर ती तोंडावर सांगेल. तिचं वाईट वाटून घेऊ नकोस, पण कुठल्या मिनिटाला उठून गेली ते लिहून ठेव.

तुझी,
आई