अडकलेला सूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, पण कारण ऐकलंस तर शिव्या कमी घालशील. तुझा हा पेटीवाला गेले पंधरा दिवस चर्चच्या ऑर्गनच्या पोटात शिरलेला होता. भात्याचं चामडं जुनं होऊन भेगाळलंय. दोन्ही हातांनी भरगच्च स्वरमेळ धरला की वारा पुरत नाही, आणि सूर धाप लागल्यासारखा खाली बसतो. दुरुस्तीला पैसे हवेत म्हणून मदतीचा कार्यक्रम ठरला आणि मुख्य वादक कोण, तर तोच ऑर्गन. स्वतःच्या औषधपाण्याची वर्गणी रुग्णानेच गोळा करायची! सोबतीला ट्रम्पेट, बासरी आणि चेलो, म्हणजे तुझ्या व्हायोलिनचा थोरला भाऊ.

माझ्याकडे काम आलं पट्ट्या दाबून धरण्याचं. सूर लावणारा कारागीर आत पाइपांच्या गर्दीत उभा राहतो, "पुढची" म्हणतो, आणि बाहेर बसलेल्या माणसाने पुढची पट्टी दाबायची. बस्स. कीबोर्डावर ६१ पट्ट्या, आणि ओढून चालू करायच्या प्रत्येक खुंटीची, म्हणजे स्टॉपची, पाइपांची रांग वेगळी, त्यामुळे तेच ६१ सूर पुन्हा पुन्हा. पाइपला नुसता हात लागला तरी ऊब मिळून सूर चढतो. म्हणून तो वरच्या टोकाची सरकती कडी पातळ पातीने टुकटुक ठोकतो, थांबतो, ऐकतो. मधल्या सप्तकातल्या 'जी' नावाच्या एका सुराने आमचा अर्धा तास खाल्ला. लागला लागला म्हणेपर्यंत पुन्हा हलायचा. माझी करंगळी बधिर झाली, पण तो सूर मी आता अंधारातही ओळखीन.

आता तुझा जुना वाद. व्हायोलिनची तार बोटाचं ऐकते, ऑर्गन कुणाचंच ऐकत नाही, ते यंत्र आहे, हे तू मला कितीदा सुनावलंयस. अर्धं मान्य. पट्टी हळू दाब नाहीतर आपट, सूर तेवढाच येतो. लहानमोठा करायचा तर पाइप ज्या खोक्यात असतात त्याची झडपं पायाने उघडायची, नाहीतर स्टॉप बदलायचे. आणि वाद्यवृंदात ओबो या फुंकवाद्याने दिलेल्या 'ए' सुरावर सगळे सूर लावतात, तशी इथे सोय नाही. इथे 'ए' ऑर्गन देतो आणि बाकीच्यांनी मुकाट्याने मिळवून घ्यायचा.

पण त्या संध्याकाळी गंमत झाली. सूर लावले होते रिकाम्या, गार चर्चमध्ये. नंतर आली पोरंबाळं, आज्या, तान्ही मुलं, आणि हवा तापू लागली. हवा १० अंशांनी तापली तर साध्या पाइपचा सूर अर्ध्या स्वराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने चढतो. आतल्या पत्तीवर बोलणारे रीडचे पाइप मात्र जवळपास आहेत तिथेच राहतात. त्यामुळे ऑर्गनचा ट्रम्पेट नावाचा स्टॉप त्याच्याच घरातल्यांशी बेसूर झाला! खऱ्या ट्रम्पेटवाल्याने नळी आत ढकलून जुळवून घेतलं आणि ऑर्गनवाल्याने तो स्टॉप रात्रभर ओढलाच नाही. म्हणजे बघ, श्रोत्यांच्या नुसत्या अंगच्या उबेने ज्याचा सूर हलतो, त्याला तू कुणाचंच न ऐकणारा म्हणतोस.

लहान मुलांना येऊ द्यायचं की नाही यावरही आधी बरीच डोकेफोड झाली होती. कुणी नियमांचा कागदच काढला. मी त्यांना संगीतकार हॅंडेलच्या 'मसाया' या धार्मिक समूहगायनाच्या रचनेची गोष्ट सांगितली. १३ एप्रिल १७४२ ला डब्लिनमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला तो मदतीसाठीच. जास्त माणसं मावावीत म्हणून बायकांना घेरदार झग्यांचे सांगाडे आणि पुरुषांना तलवारी घरी ठेवून यायला सांगितलं होतं. सुमारे ७०० माणसं मावली, आणि जमलेल्या पैशांतून कर्जापायी तुरुंगात पडलेले १४२ जण सुटले. आम्ही तलवारींऐवजी बाबागाड्या बाहेर ठेवायला लावल्या.

सुरुवातीला पोरांना पेन्सिलीएवढा पाइप फुंकायला दिला. मग सगळ्यांना जमिनीवर तळहात टेकायला सांगून पायाने दाबायच्या पट्ट्यांवरचा १६ फुटी पाइप वाजवला. सेकंदाला जेमतेम ३३ कंपनं, तो खर्ज कानाआधी हाताला लागतो. एक पोरगी आईला म्हणाली, "फरशी गुरगुरतेय." बासरीचं ठीकठाक झालं, त्यावर शाई घालवत नाही.

चेलोच्या संथ तुकड्यात मात्र घोटाळा झाला. ऑर्गनवाल्याने हात उचलले आणि एक सूर तसाच वाजत राहिला. पाइपखालच्या झडपेत धुळीचा कण अडकला की असं होतं. सूर कुठला? माझाच तो 'जी'! मी बॅटरी घेऊन कारागिरामागे आत पळालो. ऑर्गनवाला वरच्या सज्जात प्रेक्षकांकडे पाठ करून बसतो, खालचं त्याला समोरच्या आरशातच दिसतं. स्टॉप बंद करायला त्याने हात नेला, आणि आरशात चेलोवाल्या बाईंनी मान हलवली: राहू दे.

आणि बाई त्याच सुरावर वाजवू लागल्या रे! कागदावरचं सोडून. चेलोची एक तार 'जी'चीच असते, तो त्यांनी सरळ षड्ज मानला आणि त्याच्याभोवती हळूहळू फिरू लागल्या. आमच्या त्या हट्टी पाइपचा तंबोरा झाला. आत अंधारात कारागिराने पाइपला धरलं होतं, उपसायचाच बाकी. पण तोही थांबला. बाई शेवटची मींड घेऊन षड्जावर आल्या, तेव्हा त्याने पाइप अलगद उचलला. दोन्ही सूर एकदम गेले. छताखाली त्यांचा घुमारा काही क्षण राहिला, आणि तेवढा वेळ एकही पोर रडलं नाही.

लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. दानपेटीजवळ एका मुलाने मला विचारलं, तो न थांबणारा सूर पुढच्या वेळी पण असेल का? मी काय सांगणार! भात्यापुरते पैसे अजून जमायचे आहेत, तेव्हा पुढची वेळ येणार हे नक्की.

तर व्हायोलिन घेऊन ये. या खेपेला चर्च आदल्या रात्रीपासून तापवून मगच सूर लावायचं ठरलंय. तारा मात्र तुलाच चढवाव्या लागतील. त्या बाबतीत ऑर्गन खरंच कुणाचं ऐकत नाही.

तुझा,
पेटीवाला

ता. क. त्या 'जी'च्या झडपेतली धूळ काढली. करंगळी अजून दुखते.