दूरसंचार मंत्र्यांना खुलं पत्र : रस्ता खोदा, पण आधी आम्हाला कळवा

माननीय दूरसंचार मंत्री साहेब,

नमस्कार. मी एक छोटा ब्रॉडबँड प्रोव्हायडर. तुम्हाला लिहायचं बरेच दिवस मनात होतं, पण परवा रात्री तीन वाजता खड्ड्यात बसून फायबर जोडताना ठरवलंच. झालं असं की पाण्याच्या पाइपसाठी जेसीबी चालला आणि आमची 24 कोरची, म्हणजे आत 24 काचेचे धागे असलेली, फायबर केबल गेली, आणि नुसती कापली असती तर एक वेळ चाललं असतं, बकेटने ओढली गेली त्यामुळे पुढच्या चेंबरपर्यंत, म्हणजे केबलच्या जोडणीच्या खड्ड्यापर्यंत, ताण बसला. ओटीडीआर, म्हणजे फायबरमध्ये प्रकाश सोडून बिघाड शोधणारं यंत्र, लावला की किती मीटरवर कट आहे ते कळतं, पण खरं काम त्याच्यापुढे, केबल सोला, निळी, केशरी, हिरवी, चॉकलेटी अशी रंगाच्या ऑर्डरने एकेक कोर पुसा, क्लीव्ह करा म्हणजे टोक सरळ कापा, दोन टोकं वितळवून जोडणाऱ्या स्प्लायसिंग मशीनमध्ये ठेवा. काच 125 मायक्रॉनची, केसाएवढी. धुळीचा कण बसला की लॉस येतो, म्हणजे सिग्नल कमी होतो, मग तो जॉइंट तोडून पहिल्यापासून. तोवर फोन वाजतच असतो, एका मुलीची सकाळी ऑनलाइन परीक्षा होती, तिच्या वडिलांना काय उत्तर देणार?

जेसीबी चालवणाऱ्या पोरावर माझा राग नाही. खाली काय आहे ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

साहेब, आमच्या क्षेत्राचा विषय निघाला की सगळे स्पेक्ट्रम (मोबाइलच्या रेडिओ लहरी) आणि 5जीवर बोलतात. तेही बरोबरच आहे, 2000 साली 3जी स्पेक्ट्रमच्या लिलावात एकट्या ब्रिटनने 2,250 कोटी पाउंड मिळवले आणि तिकडच्या कंपन्या कर्जात रुतल्या, तसं पुन्हा होऊ नये. पण टॉवरलाही शेवटी फायबरच लागतं, आणि फायबर टाकताना मोठा खर्च काचेचा नसतोच, खोदाईचा असतो. परवानगी, रस्ता पूर्ववत करायचे पैसे, पुढच्या हद्दीत परत वेगळी परवानगी. ग्राहक दरवर्षी जास्त डेटा वापरतो आणि बिल मात्र जवळपास तेवढंच राहतं, मग हा खर्च छोट्या माणसाने काढायचा कुठून?

आणि ह्याच काचेत केवढी संधी आहे बघा. जीपॉन म्हणजे एकच फायबर अनेक घरांत वाटून द्यायची पद्धत, त्यात एका फायबरवर अडीच जीबीपीएस (सेकंदाला अडीच गिगाबिट) येतात, प्रकाश वाटणारा स्प्लिटर लावून 32 किंवा 64 घरं चालतात, मधल्या वाटेत कुठेही वीज लागत नाही. उद्या त्याचीच पुढची पिढी एक्सजीएस-पॉन करून 10 जीबीपीएस द्यायचे तर दोन टोकांची उपकरणं बदलायची, जमिनीतली काच तीच. आयटीयू या संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संस्थेच्या 2024 च्या आकडेवारीप्रमाणे तेव्हा जगात 260 कोटी लोक ऑफलाइन होते, त्यातले 180 कोटी ग्रामीण भागातले. तिथे जायची आमची तयारी आहे हो, पण दर किलोमीटरला नव्याने खोदायचं म्हटलं की हिशोबच बसत नाही.

म्हणून मागणी एवढीच, कुठलाही रस्ता कुठल्याही कामासाठी उघडला की त्यात रिकामा डक्ट, म्हणजे केबल ओढायचा पाइप, टाकून ठेवा, ज्याला केबल ओढायची तो भाडं देईल, मोठी कंपनी असो की माझ्यासारखा, दर सगळ्यांना एकच. आणि खोदाईआधी सगळ्या लाइनवाल्यांना तारीख आणि जागा कळवणं सक्तीचं करा, न कळवता केबल तोडली तर भरपाई त्याच ठेकेदाराने द्यावी. युरोपियन युनियनने 2014 मध्येच खोदकामात एकमेकांना सामील करून घ्यायचा निर्देश काढला, म्हणजे हे जमतं.

परवाचा शेवटचा जॉइंट सकाळी सहाला झाला, परीक्षेच्या आधी लाइन चालू झाली. आता त्याच रस्त्यावर गॅसची पाइपलाइन येतेय असं ऐकतोय. तारीख अजून आम्हाला कुणी सांगितलेली नाही, तेवढी कळायची सोय करा.

आपला,
एक ब्रॉडबँडवाला