गाडीचा बुश गेला की अख्खा आर्म बदला, आर्म वाकला की ठोकून सरळ करा, हे काय गणित आहे?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

पावसाळा आला की तुमच्या पेपरात खड्ड्यांचे फोटो येतात, ते यायलाच पाहिजेत, पण गाडी खड्ड्यात आदळल्यावर पुढं गॅरेजमधे जे चालतं त्याबद्दल कुणीच लिहीत नाही म्हणून हे पत्र.

होटगी रोडला पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात आमच्या गाडीचं पुढचं डावं चाक दणकन आदळलं. तेव्हापासून स्पीड ब्रेकर उतरताना खाडखाड आवाज आणि गाडी डावीकडं ओढायला लागली. एका गॅरेजवाल्यानं गाडी वर न घेताच सांगून टाकलं, दोन्ही लोअर आर्म (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारा खालचा दांडा), दोन्ही शॉकअप, लिंक रॉड, सगळं बदला. दुसरा म्हणाला, कशाला एवढा खर्च साहेब, आर्म काढून गॅसवर तापवतो, ठोकून सरळ करून देतो. माझ्या मते दोघांचंही चुकतंय, आणि दुसऱ्याचं तर जास्तच.

लोअर आर्मच्या आतल्या टोकाला रबरी बुश, म्हणजे धक्के झेलणाऱ्या रबराच्या नळ्या, असतात आणि चाकाकडच्या टोकाला बॉल जॉइंट, म्हणजे चाक वळू देणारा गोल सांधा. नुसते बुश फाटले असतील आणि त्या गाडीचे बुश सुटे मिळत असतील तर प्रेसवर जुने काढून नवे बसवता येतात, काम होतं आणि पैसेही वाचतात. बॉल जॉइंट काही गाड्यांत सुटा बदलता येतो, काहींत आर्मसकटच घ्यावा लागतो. बुश आणि बॉल जॉइंट दोन्ही गेले असतील तर मात्र सरळ नवा आर्म घ्या, कारण खोलायची मजुरी तेवढीच लागते आणि सुट्या पार्टचे पैसे जोडले तर फार फरक राहत नाही. पण आर्म वाकला असेल तर तिथं विचार करायचाच नाही, बदलायचा. तापवलं की लोखंडाची ताकद जाते, ॲल्युमिनियमचा असेल तर बारीक तडा वरून दिसतही नाही, आणि मग हायवेला ऐंशीच्या स्पीडला तुटला तर चाक कुठं जाईल सांगता येत नाही. स्क्रॅपमधला जुना आर्मसुद्धा नको, तो कुठल्या ॲक्सिडेंटमधून निघालाय कुणाला माहिती.

बघायचं कसं, तर गाडी लिफ्टवर घ्यायला लावा आणि स्वतः खाली वाका. मिस्त्रीला टॉमी (लोखंडी पहार) घालून आर्म हलवायला सांगा, बुश गेला असेल तर रबराची चीर उघडताना डोळ्यांनी दिसते. बॉल जॉइंटचं रबरी कव्हर फाटून ग्रीस बाहेर आलंय का बघा. मग उजवा आणि डावा आर्म ताडून बघा, वाकलेल्या जागी काळ्या रंगाचे पोपडे निघालेले असतात. शॉकअप जोडीनं बदलतात हे खरं, पण एक आर्म वाकला म्हणून दुसरा चांगला काढायची गरज नाही.

अजून एक, आणि हे भले भले मिस्त्री करत नाहीत: बुशचा बोल्ट शेवटचा टाइट करायचा तो गाडी चाकावर उभी असताना. आर्म लोंबकळत असताना आवळला की गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं, मग नाव सोलापूरच्या उन्हाचं! त्यानंतर व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, पाहिजेच, नाहीतर टायर एका बाजूनं खाल्ला जातो.

इन्शुरन्सचं पण बघून घ्या. साध्या पॉलिसीत रबराच्या पार्टला ५० टक्के कापतात, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला वरचे १००० रुपये आपलेच, आणि क्लेम केला की नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, म्हणजे एका बुशसाठी क्लेम करणं येडेपणाच.

गॅरेजवाल्यांना माझं एवढंच म्हणणं आहे की काढलेला पार्ट गिऱ्हाईकाच्या हातात द्या आणि बुश बदलला का आर्म, ते बिलावर नीट लिहा. नुसतं "सस्पेन्शन काम" लिहून आकडा टाकायचा हे बंद करा.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर