ठेका नसलेल्या तबकडीविषयी

ठाणे

चि. सलील यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मागच्या रविवारी फोनवर तू म्हणालास की, मी सुचवलेली अमेरिकन जॅझवादक जिमी जुफ्री यांची ‘वेस्टर्न स्वीट’ ही ध्वनिमुद्रिका तू दोनदा ऐकलीस, ती कानाला गोड लागली, परंतु तीत काही घडतच नाही. ड्रम नाहीत, खालचे सूर धरणारा बास नाही, मग समेवर यायचे ते कोणाच्या भरवशावर? आठ वर्षे तबला शिकलेल्या मुलाने हाच प्रश्न विचारावा, याचा मला फार आनंद झाला. त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येण्याजोगे नव्हते, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

डिसेंबर १९५८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ही तबकडी ध्वनिमुद्रित झाली, तेव्हा त्या खोलीत वादक होते अवघे तीन. जुफ्री क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवत होते, बॉब ब्रुकमायर यांच्याकडे वाल्व्ह ट्रॉम्बोन होता आणि जिम हॉल यांच्याकडे गिटार. हॉल त्या वेळी जेमतेम २८ वर्षांचे, म्हणजे आज तू आहेस त्या वयाचे होते. तालाची बाजू सांभाळण्यासाठी चौथा माणूस घेतलेला नव्हता, आणि त्यामागे पैशांची किंवा वादकांची अडचण नव्हती. जुफ्री कित्येक वर्षे या विचारामागे लागले होते. १९५५ सालच्या ‘टॅन्जेन्ट्स इन जॅझ’मध्ये त्यांनी ड्रम आणि बास ठेवले, परंतु त्यांना सतत ठोका धरून ठेवण्याच्या कामातून मोकळे केले, लय सर्वांच्या मनात असावी, ती कोणी मोठ्याने उच्चारण्याची गरज नाही, अशी त्यांची धारणा होती. पुढच्या त्रिकुटात ड्रम गेले आणि बास उरला. देब्युसी यांच्या बासरी, व्हायोला आणि हार्प यांच्यासाठी लिहिलेल्या सोनाटावरून आपल्याला अशा त्रिकुटाची कल्पना सुचली, असे जुफ्री सांगत. १९५८ मध्ये बासही गेला.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला ‘टॉप्सी’ नावाची रचना आहे, ती तू कदाचित इतर कामे करता करता ऐकली असशील. एडी डरहॅम आणि एडगर बॅटल यांची ही रचना १९३७ मध्ये काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदाने गाजवली. बेसींचा पियानो, फ्रेडी ग्रीन यांची गिटार, वॉल्टर पेज यांचा बास आणि जो जोन्स यांचे ड्रम हे चौघे म्हणजे त्या वाद्यवृंदाचा प्राण होते. त्यांच्याइतकी मऊ तरीही न ढळणारी लय त्या काळी दुसऱ्या कोणाकडे नव्हती. ब्रुकमायर हे बेसींचा वाद्यवृंद जेथे नावारूपाला आला त्या कॅन्सस सिटीचे, त्यांचे वादन लहानपणापासून ऐकत वाढलेले. त्यातच १९५८ च्या शरद ऋतूत कोझी कोल या ड्रमवादकाने याच ‘टॉप्सी’वर ड्रमचे एकल वादन असलेली छोटी तबकडी काढली आणि ती अमेरिकेतील लोकप्रियतेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली. म्हणजे ज्या हंगामात ‘टॉप्सी’ म्हटले की लोकांच्या कानांत ड्रम वाजत होते, त्याच हंगामात या तिघांनी ती ड्रमशिवाय वाजवायला घेतली, आणि तीही घाईने उरकून न टाकता दहा मिनिटांहून अधिक वेळ.

तू एक कर. रात्री दिवा मालवून, मांडीवर हात ठेवून, टाळी-खाली मोजावी तशी ‘टॉप्सी’ मोजून पाहा. चार मात्रांचा एक बार, आठ बारांचा एक तुकडा, आणि असे चार तुकडे मिळून १२८ मात्रांचे एक आवर्तन होते. पहिला, दुसरा आणि चौथा तुकडा एकाच चालीचे आहेत, तिसरा वेगळा आहे. आपल्या बंदिशीतील अस्ताई आणि अंतऱ्यासारखे समज. हे आवर्तन न सांडता धरून ठेवलेस, तर तुझ्या लक्षात येईल की ज्याला तू ‘काही घडत नाही’ म्हणालास, तेथे तिघेही अखंड काम करत आहेत. एकाची एकल बारी चालू असताना दुसरा त्याच्या खाली एखादी छोटी ओळ पुन्हा पुन्हा वाजवत राहतो, तिसरा दोघांच्या मधल्या फटीत दोन-तीन सूर ठेवून बाजूला होतो. हॉल जाड तारांवर उतरले की बासची उणीव भासत नाही, आणि त्यांनी ते काम सोडले की ट्रॉम्बोन ते उचलतो. ठेका एका माणसाकडून काढून घेऊन तिघांत वाटून दिलेला आहे. ध्रुपदाच्या नोमतोम आलापात पखवाज सुरू झालेला नसतो, तरीही ऐकणाऱ्याची मान लयीत हलू लागते, हे तुला ठाऊक आहे. येथे त्याहून एक पाऊल पुढचे आहे, कारण येथे केवळ लय नाही, मोजलेले आवर्तनही आहे, आणि तिघे त्याच्या समेवर असे अलगद येतात की सम आली हे आपल्याला ती गेल्यावर कळते.

जुफ्रींच्या क्लॅरिनेटविषयीही लिहायला हवे. आपल्याकडे हे वाद्य बहुतेकांनी लग्नाच्या बँडमध्ये ऐकलेले असते, उंच पट्टीत, रस्त्यावरच्या गोंगाटावर मात करणारे. जुफ्री मात्र वाद्याच्या खालच्या टापूतून सहसा वर जात नाहीत, आपल्या भाषेत मंद्र सप्तकच सोडत नाहीत. सूर लागण्याच्या किंचित आधी फुंकर ऐकू येते, मग त्या फुंकरीतून सूर उगवतो, आणि संपतानाही तो तुटत नाही, पुन्हा फुंकरीत विरघळतो. हॉल यांनाही त्यांनी तेच सांगितले होते: तार छेडल्याचा आघात शक्य तितका कमी व्हावा आणि गिटारने फुंकवाद्यासारखे सलग बोलावे. ब्रुकमायर यांच्या ट्रॉम्बोनला नेहमीची सरकती नळी नाही, ट्रम्पेटसारख्या कळा आहेत, त्यामुळे त्यांचे शब्द स्पष्ट येतात. आवाज मात्र घोंगडीसारखा खरखरीत आणि उबदार आहे. अशी तीन मवाळ वाद्ये एकत्र आली म्हणजे कोणालाच दुसऱ्याच्या आड लपता येत नाही.

पहिल्या बाजूची चार भागांची ‘वेस्टर्न स्वीट’ मला दुसऱ्या बाजूइतकी प्रिय नाही. जुफ्री टेक्ससमधील डॅलसचे, त्यामुळे पश्चिमेचे मोकळे माळरान त्यांच्या सुरांत खरोखर आहे. परंतु त्यांतल्या दोन भागांना तिथल्या आदिवासींची, म्हणजे अपाची लोकांचे आणि आदिवासी मेळाव्याचे, अशी नावे दिली आहेत, ती मला वरवरची वाटतात. नावे विसरून ऐक.

ही तबकडी मागे का पडली, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये, माइल्स डेव्हिस यांची ‘काइंड ऑफ ब्लू’ आणि डेव्ह ब्रुबेक यांची ‘टाइम आउट’ आली, आणि त्या काळाबद्दल बोलताना लोक या दोहोंवरच थांबतात. जुफ्रींविषयी लिहिणारे जाणकार त्यांच्या १९६१ पासूनच्या, पॉल ब्ले आणि स्टीव्ह स्वॉलो यांच्याबरोबरच्या अधिक धाडसी त्रिकुटाकडे वळतात. हॉल यांचे नाव निघाले की बिल इव्हान्स किंवा सनी रोलिन्स यांच्याबरोबरच्या तबकड्यांची आठवण काढली जाते. तिघांच्याही कीर्तीचा रस्ता या तबकडीच्या शेजारून गेला, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. १९५८ च्या अमेरिकेतील न्यूपोर्ट जॅझ महोत्सवावरील ‘जॅझ ऑन अ समर्स डे’ या चित्रपटाची सुरुवात याच त्रिकुटाच्या वादनाने होते. पाण्यावर हलणाऱ्या प्रतिबिंबांच्या चित्रांमागे ते ऐकू येते, आणि अनेकांना हे तिघे तेवढ्यापुरतेच माहीत असतात.

मी स्वतः मुंबईच्या रंगभवनात ‘जॅझ यात्रा’ महोत्सवाच्या मैफली ऐकू लागले, तेव्हा मला ट्रम्पेटचा आणि ड्रमचा दणकाच आवडत असे. ही तबकडी त्यानंतर काही वर्षांनी जुन्या तबकड्यांच्या ढिगात सापडली, आणि पहिले काही महिने मीही तुझ्यासारखेच म्हणत होते. तिच्या दुसऱ्या बाजूवरच्या ‘ब्लू मंक’ने मला आत घेतले. थेलोनियस मंक यांनी १९५४ मध्ये आर्ट ब्लेकी यांच्या ड्रमच्या साथीने वाजवलेली ही ब्लूज धाटणीची, बारा बारांच्या आवर्तनाची रचना. तिची चाल अर्ध्या अर्ध्या सुराने पायऱ्या चढत जाते. हे तिघे ती इतक्या सावकाश चढतात की प्रत्येक पायरीवर पाऊल टेकल्याचे कळते. एका पावसाळी संध्याकाळी मी भाजी निवडत ती ऐकत होते, आणि हातातली मेथीची जुडी तशीच राहून गेली.

म्हणून ‘ब्लू मंक’ आधी ऐक, कारण बारा बार धरणे सोपे आहे, आणि नंतर ‘टॉप्सी’. मोजताना कोठे चुकतोस, ते मला कळव. मी प्रत्येक वेळी तिसऱ्या तुकड्यातून बाहेर पडताना चुकत असे.

तुझी,
आई