सारखी चूक

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू तावातावाने विचारलंस, "माणूस माकडापासून झाला, तर मग माकडं अजून शिल्लक कशी?" तेव्हा 'पत्रात लिहिते' म्हणून मी वेळ मारून नेली. खरं तर मलाच जरा विचार करायचा होता.

अगं, आजची माकडं आपले आजोबा नव्हेत, भावंडं आहेत. कुणी चुलत, कुणी त्याहून लांबची. तू चुलतभावापासून झालीस असं कुणी म्हणतं का? तुमचे आजोबा एक, इतकंच. तसे चिंपांझींचे आणि आपले सामाईक पूर्वज साधारण 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत होते. ते चिंपांझीही नव्हते आणि माणूसही नव्हते. तिथून दोन वाटा फुटल्या आणि दोन्हीकडची मंडळी तितकीच वर्षं बदलत आली. म्हणून ते प्रसिद्ध चित्र मला कधीच आवडलं नाही, ओणवं माकड पावलागणिक ताठ होत शेवटी माणूस होतं ते. ते पाहून वाटतं, बाकीचे सगळे आपल्यामागे रांगेत उभे आहेत.

नातं आहे कशावरून, हे तू विचारणारच. दिसण्यावरून मी सांगणार नाही. इतकी वर्षं पेपर तपासले, त्यातून एक कळलं. दोन मुलांची उत्तरं बरोबर आली तर संशय येत नाही. पण दोघांनी एकच शब्द एकाच जागी एकाच तऱ्हेने चुकवला, की कॉपी पकडलीच म्हणून समज.

आता क जीवनसत्त्वाचं बघ. बहुतेक सस्तन प्राणी ते स्वतःच्या शरीरात बनवतात. आपल्याला मात्र ते खाण्यातूनच घ्यावं लागतं, नाहीतर स्कर्व्ही नावाचा रोग होतो. ते बनवण्याच्या शेवटच्या पायरीला जे एन्झाइम लागतं, त्याचा जनुक, म्हणजे ते कसं बनवायचं हे सांगणारा डीएनएचा तुकडा, आपल्यात मोडलेला आहे. नाहीसा झालेला नाही, पडक्या घरासारखा जागेवरच आहे! आणि तोच जनुक चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान आणि माकडांतही मोडलेला आहे, मोडल्याच्या खुणाही जुळतात. साधारण 6 कोटी वर्षांपूर्वी एका पूर्वजात ही चूक झाली, खाण्यातून भागत असल्यामुळे कुणाचं अडलं नसावं, आणि ती वारशाने उतरत राहिली. गंमत म्हणजे गिनीपिगचाही हाच जनुक बिघडलेला आहे, पण वेगळ्या तऱ्हेने. त्याने आपली वही पाहिलेली नाही, स्वतःची चूक स्वतःच केली.

दुसरी खूण गुणसूत्रांची, म्हणजे पेशीत डीएनएच्या ज्या गुंडाळ्या असतात त्यांची. आपली 46, चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांची 48. मग आपली दोन गेली कुठे? कुठेही नाहीत, जोडली गेली. प्रत्येक गुणसूत्राच्या टोकाला डीएनएची एक ठरावीक अक्षररांग पुन्हा पुन्हा येते, बुटाच्या नाडीच्या टोकाला टोपण असावं तशी. आपल्या दोन नंबरच्या गुणसूत्रात हे टोपण चक्क पोटात सापडतं, दोन टोकं समोरासमोर भिडलेली. 1991 साली हा सांधा नेमका वाचला गेला. मला हा पुरावा हाडांपेक्षाही जास्त पटतो. हाडं सापडणं नशिबाचा भाग, हा सांधा तर तुझ्या गालाच्या आतल्या पेशीतही आहे.

जवळची भावंडंही होती आपल्याला. निएंडरथाल ही माणसांचीच एक जुनी जात सुमारे 40,000 वर्षांपूर्वी संपली असं आम्ही शिकलो होतो. 2010 मध्ये स्वांते पाबो या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निएंडरथालांचा जनुकसंच वाचला, तर आफ्रिकेबाहेरच्या आजच्या माणसांत निएंडरथालांचा थोडा अंश निघाला, साधारण 1 ते 2 टक्के. संपले म्हणायचं तरी कसं?

बरं, एक काम कर. अंगठा आणि करंगळी जुळव आणि मनगट थोडं आत वाकव. मनगटाच्या मधोमध दोरीसारखा स्नायुबंध वर येतो का बघ. झाडांवर राहणाऱ्या ओरांगउटानमध्ये तो हमखास असतो. माणसांत कुणाला असतो, कुणाला नसतो, आणि नसला तरी पकड कमी होत नाही. माझ्या उजव्या हाताला आहे, डाव्याला नाही. तुझ्या बाबांनी दोन्ही हात पुढे केले आणि "माझं माकडपण शाबूत आहे" म्हणून हसत बसले.

तुझं काय निघतं ते कळव.

तुझी,
आई