मागच्या एक्सलमधले पाणी तसेच ठेवून केलेल्या ‘ऑइल बदला’बाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: गार्डन ट्रॅक्टरच्या मागच्या एक्सलमधले जुने तेल व पाणी पूर्ण न काढता नवे तेल भरल्याबाबत

महोदय,

मुंबईत गोराई गावात आमची नारळ-चिकूची वाडी आणि जोडीला रोपवाटिका आहे. आमचे घर याच उत्पन्नावर चालते. त्या कामासाठी आपल्या कंपनीचा गार्डन ट्रॅक्टर मी घेतला. तो अजून वॉरंटीत आहे आणि आजवरची सर्व्हिसिंग आपल्याच अधिकृत केंद्राकडून झालेली आहे.

पावसाळा संपता संपता मागच्या एक्सलची डिपस्टिक (तेलाची पातळी मोजायची पट्टी) काढून पाहिली, तर तेलाचे ताक झालेले. पातळीसुद्धा वरच्या खुणेच्या पुढे गेलेली. बंद हाउसिंगमध्ये (एक्सलच्या लोखंडी पेटीत) तेल आपोआप वाढत नाही, म्हणजे आत पाणी शिरले होते हे उघड आहे. मी लगेच ट्रॅक्टर उभा केला आणि केंद्राला फोन केला. बोरिवली खाडीपलीकडे समोर दिसते, पण ट्रॅक्टर न्यायचा तर टेम्पोत चढवून उत्तन-भाईंदरचा वळसा घ्यावा लागतो. म्हणून जादा पैसे भरून मेकॅनिकला वाडीवर बोलावले.

माझी खरी तक्रार पुढच्या कामाबद्दल आहे. पाणी तेलापेक्षा जड असते. ट्रॅक्टर सपाट जागी रात्रभर उभा राहिला, तर मोकळे पाणी तळाशी बसते आणि सकाळी तेल उतरवायचा तळाचा ड्रेन प्लग सैल केला की आधी तेच बाहेर येते. आमचा ट्रॅक्टर तसाच उभा होता. आपल्या मेकॅनिकने आल्या आल्या तो सुरू करून वाडीत फिरवला, कारण ‘तेल गरम झाले की चांगले उतरते’. नुसते जुने तेल काढायचे असते तर हे बरोबर होते. इथे मात्र तळाचे पाणी गियरनी पुन्हा तेलात घुसळले गेले. मग त्याने मधला ड्रेन प्लग उघडला, धार बारीक होताच लावून टाकला आणि नवे तेल ओतले.

या एक्सलला मधल्या हाउसिंगखेरीज चाकांच्या आतल्या बाजूला, डावीकडे आणि उजवीकडे, रिडक्शन गियरच्या (चाकाचा वेग कमी करणाऱ्या गियरच्या) दोन पेट्या आहेत आणि प्रत्येकीच्या तळाला स्वतंत्र प्लग आहे. मधल्या प्लगमधून त्यांच्यातले तेल उतरत नाही. ते दोन प्लग त्या दिवशी उघडलेच नाहीत. कारखान्यात मारलेला रंग बोल्टच्या डोक्यावरून हाउसिंगपर्यंत अजून सलग आहे, कडेला पान्याचा एक ओरखडाही नाही. जवळून काढलेले फोटो सोबत जोडले आहेत. तरीही जॉब कार्डावर ‘रिअर एक्सल ऑइल पूर्ण बदलले’ असे लिहून तेलाचे आणि मजुरीचे पूर्ण बिल माझ्याकडून घेतले गेले.

पुढच्या काही दिवसांच्या हलक्या कामातच नवे तेल पुन्हा पांढरट झाले. डिपस्टिकच्या भोकातून नळीने थोडे तेल ओढून मी काचेच्या बरणीत ठेवले. सकाळी बरणीच्या तळाशी पाण्याचा वेगळा थर होता आणि त्यात तांबूस गंजाचे कण होते. वरच्या पांढरट तेलाचे दोन थेंब तापलेल्या तव्यावर टाकले तर ते तडतडले. डब्यातल्या नव्या तेलाचा फक्त धूर झाला. ती बरणी मी जपून ठेवली आहे, आपल्या माणसाने येऊन पाहावी.

केंद्राचे म्हणणे, ‘तुम्ही ट्रॅक्टर पाण्यातून चालवला, हे वॉरंटीत बसत नाही.’ ट्रॅक्टर कधीही एक्सल बुडेल एवढ्या पाण्यात गेलेला नाही. एक्सलचा ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जाऊ देणारी टोपीची नळी, सीटखाली बसवलेला आहे आणि त्याची टोपी इतकी सैल आहे की बोटाने फिरते. काम करून तापलेल्या हाउसिंगवर पावसाची सर आली की आतली हवा आकसते आणि बाहेरची हवा ब्रीदरमधून आत ओढली जाते. टोपीवर पाणी साचले असेल तर तेही सोबत जाते. मुंबईत जून ते सप्टेंबर हे रोजचेच आहे. इथे विकायच्या यंत्राचा ब्रीदर पावसाला टिकणारा असलाच पाहिजे. तेल बाहेर आणि पाणी आत जाऊ न देणारी एक्सलची ऑइल सीलही कोणी तपासली नाहीत. पाणी कुठून आले हे न पाहताच दोष माझ्या माथी मारला गेला, याचे मला फार वाईट वाटते.

हा विषय माझ्यासाठी नुसत्या बिलाचा नाही. याच तेलात ब्रेकच्या प्लेटा बुडालेल्या असतात. मागे ट्रॉली लावून आमचा गडी बांधाच्या उतारावरून खाली येतो. बेअरिंग गंजले तर खर्च येईल, ब्रेक लागला नाही तर माणूस जाईल. म्हणून ट्रॅक्टर मी बंद ठेवला आहे आणि रोपांची माती भाड्याच्या गाडीने आणते आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. काढलेले तेल मेकॅनिकने आमच्या कुंपणाबाहेरच्या चरात ओतले. तो चर तिवरांतून खाडीला मिळतो आणि त्या खाडीवर गावातली कोळी घरे जगतात. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते डब्यात भरून परत न्यायची जबाबदारी आपल्या केंद्राची होती. तेल लागलेली माती आम्ही खणून गोणीत भरून ठेवली आहे, ती आपण घेऊन जावी.

आपण अनुभवी मेकॅनिक पाठवून, माझ्या समोर, तिन्ही प्लग उघडून तेल-पाणी पूर्ण उतरवावे. तेलात मिसळलेले पाणी एका वेळेत निघत नाही. त्यासाठी फ्लशिंगचे (आतून धुवायचे) तेल भरून, मागची चाके जॅकवर उचलून ती थोडा वेळ हळू फिरवावीत, तेल पुन्हा उतरवावे आणि उतरलेले तेल स्वच्छ दिसेपर्यंत हेच करावे. त्यानंतरच नवे तेल भरावे. ब्रीदर बदलावा, सील, बेअरिंग आणि ब्रेकच्या प्लेटा तपासून लेखी अहवाल द्यावा. या सगळ्याचा खर्च कंपनीने करावा आणि न केलेल्या कामाचे घेतलेले पैसे परत करावेत.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेल्या यंत्राचा मालक या कायद्यात ग्राहकच ठरतो.

मेकॅनिक पाठवण्याच्या आदल्या दिवशी कळवावे, म्हणजे ट्रॅक्टर सपाट जागी लावून रात्रभर अजिबात न हलवता ठेवता येईल.

कळावे,
आपली ग्राहक
गोराई, मुंबई

सोबत: बिल व जॉब कार्डाची प्रत, प्लगचे आणि बरणीचे फोटो